पितांबर पाटलांचं विमान आणि आमच्या मिरच्या

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. विमान माझं नव्हतं. नंदुरबारात अजूनही काही टवाळ लोक मला बाजारात पाहिलं की आधी आकाशाकडे बघतात, मग एकमेकांना कोपर मारतात, म्हणून हा खुलासा करावा लागतो. विमान पितांबर पाटलांचं. त्यातलं माझं काय होतं, तर इंग्रजी. आणि मिरच्या. मिरच्यांचं पुढे येईल.

मी तेव्हा इथल्या इंग्रजी शाळेत हंगामी शिक्षक होतो. किती वर्षं? नऊ. नऊ वर्षांचा हंगाम पंचांगात कुठे सापडत नाही, पण शाळेच्या दप्तरात सापडतो. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी नोकरी संपायची आणि दर जूनमध्ये "नेरकर मास्तरांना आणखी एक वर्ष" असा ठराव व्हायचा. मधल्या महिन्यात मी घरात कुणाशी मोठ्याने बोलत नसे. माझ्यामागून आलेला ड्रॉइंग मास्तर कायम झाला, त्याच्यामागून आलेला शिपाई कायम झाला. शाळेची घंटासुद्धा एकदा तडा गेला म्हणून बदलली, तर नवी घंटा पहिल्या दिवसापासून कायम. शाळा चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष पितांबर पाटील. प्रकाशा गावाजवळ तापीकाठी त्यांची केळी, ऊस, कापूस, आणि नंदुरबारला कापसातली सरकी काढायचं जिन. माणूस मनाने मोकळा, पण सही करायची म्हटली की त्यांचा हात दुखायचा.

छत्तीस सालच्या लग्नसराईत पाटलांच्या पुतणीचं लग्न झालं. सुरतेकडचे व्याही मोटारीतून उतरले, धूळ झटकली आणि भर मांडवात म्हणाले, "पाटील, तुमच्याकडे अजून बैलगाडीच का?" झालं! पाटील ताडकन उठले. "पुढना लगीनले मी इमानमा येसू!" चारशे माणसांनी ऐकलं. गुजर पाटलाचा शब्द, आणि तोही जिलेबीच्या पंगतीत दिलेला. तो परत कसा घेणार? दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीचं चित्रांचं पुस्तक पाटलांनी कुणाकडून तरी मिळवलं होतं. त्यातल्या सगळ्यांत लहान विमानावर बोट ठेवून ते म्हणाले, "आठे लिखा मास्तर. हाई धाडा म्हना." दोन माणसांचं, दोन मजली पंखांचं, पिवळ्या रंगाचं विमान होतं ते. मी लिहिलं. असं इंग्रजी मी बी.ए.च्या परीक्षेतही लिहिलं नव्हतं, लिहिलं असतं तर पास झालो असतो.

पत्रावर अंगठ्याएवढी सही ठोकून पाटील दहा लोकांदेखत बोलले, "मास्तर, ज्या दिनले हाई इमान आठे येई, त्या दिनले तुम्ही कायम."

त्या दिवसापासून माझी झोप गेली. लोक देवाकडे पाऊस मागतात, मुलगा मागतात. मी विमान मागत होतो.

कंपनीने कळवलं, दसऱ्यापासून सहा आठवड्यांत विमान पोचवू. सहाचे आठ झाले. आठाचे बारा झाले. दर खेपेला कंपनीचं गुळगुळीत कागदावरचं पत्र यायचं: जहाज उशिरा आलं, एक तार सापडत नाही, वैमानिकाला ताप आला आहे. ही पत्रं पाटलांना वाचून दाखवायला मी जीव मुठीत धरून जायचो. पण पाटील शांत! "काही हरकत नही. येई सवडमा. घाई कसाले करतस?" असं म्हणून उलट मला चहा पाजायचे. मी घरी येऊन मंडळींना म्हणायचो, "हा राग आहे बरं का. मोठ्या माणसांचा राग असाच असतो, आतल्या आत. एक दिवस फुटेल, आणि फुटेल तो माझ्यावर."

दिवसेंदिवस पाटील वाळत चालले होते. जेवण तुटलं होतं. मला वाटायचं, बिचारे विमानाच्या वाटेकडे डोळे लावून झुरताहेत. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मास्तर, इमानमा खिडकीस्ले गज ऱ्हातस का?" मी म्हटलं, "खिडक्याच नसतात. वरून सगळं मोकळं." पाटलांनी एकदा वर आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मालकनीच बठाले जोयजे, असं काही लिखेल शे का त्यामा?" मी उत्साहाने सांगितलं, "अर्थात! पहिल्या उड्डाणाचा मान मालकाचा. कंपनी फोटो काढणार आहे." त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतका हौशी माणूस मी पाहिला नव्हता. आणि राहणी किती साधी! एवढं मोठं माडीचं घर, पण स्वतः कायम खाली ओट्यावर झोपायचे. माडीवर त्यांना कधी कुणी पाहिलं नव्हतं.

आता मैदानाकडे वळू. कंपनीने पत्रासोबत एक चोपडं पाठवलं होतं: विमान उतरण्याची जागा कशी असावी, तिथे खुणा कोणत्या कराव्यात. त्यात अकरा कलमं होती. त्यांचं मराठी करायचं काम अर्थातच माझं. मी दहा कलमांचं सुंदर मराठी केलं. अकरावं कलम मनाईचं होतं. विमान उतरू नये असं वाटत असेल तेव्हा काय करावं, असलं काहीतरी. आमच्याकडे विमान उतरू नये असं कोणाला वाटणार होतं? ते मी सोडून दिलं. माणसाने एखादं कलम सोडलं तर काय बिघडतं, असा माझा तेव्हा समज होता.

शाळेमागे, स्टेशनच्या बाजूला पाटलांचं लांबच लांब सपाट शेत होतं. त्यातली कपाशी उपटली. पण जमीन काळी, भेगाळ. शौकत मिस्त्री म्हणाले, "मास्तरसाब, चाक जहाँ पहले टेकेगा, वहाँ मुरूम डालो." शौकतमिया म्हणजे गाड्या, नांगर, रहाट आणि पाटलांचं जिन, या सगळ्यांचे डॉक्टर. त्यांचं म्हणणं पाटलांनी ऐकलं आणि मैदानाच्या मधोमध शंभर पावलं लांब, शंभर पावलं रुंद असा चौकोन आखून त्यात पिवळाधम्मक मुरूम टाकला. वर पाणी मारलं, महिनाभर रोलर फिरवला. असा कडक, असा साफ, असा सपाट चौकोन झाला की त्यावर जेवायला बसावं. मध्ये चुन्याचं पांढरं वर्तुळ काढलं. पाटलांनी मला या मैदानाचा "इनचार्ज" नेमलं. हंगामी.

शौकतमियांनी विमानासाठी छपरीही बांधायला घेतली. पंखांची लांबी मी सांगितली तीस फूट. त्यांनी जिनच्या गोदामाची अख्खी भिंत पाडली. भिंत पडल्यावर कंपनीचं पत्र आलं, की पंख मागे मिटतात आणि दहा फुटांचं दार पुरतं. शौकतमियांनी हातातला हातोडा खाली ठेवला. "पंख मिटता है? तो मास्तरसाब, ये मशीन नहीं, ये चिडिया है. चिडिया का काम मैं नहीं जानता." भिंत पुन्हा बांधली. त्या भिंतीकडे बोट दाखवून लोक अजून म्हणतात, ही मास्तरची भिंत.

मग जकातीचा प्रश्न आला. नाक्यावरचे वहाबभाई वही घेऊन घरी आले. "मास्तर, विमान कोणत्या नाक्यानं येईल?"

"वरून येईल."

"वर नाका नहीं है."

"हो, पण..."

"नाका नहीं तो माल चोरी से आया. फिर मैं क्या लिखूँ? जनावर, गाडी, या माल?"

मी म्हटलं, गाडी लिहा. त्यांनी विचारलं, बैल किती? मी म्हटलं, बैल नाहीत, इंजिन आहे. "तो मोटार लिखूँ?" मोटारीला चार चाकं हवीत, विमानाला दोन आणि शेपटीला एक दांडी. वहाबभाईंनी बराच विचार करून लिहिलं: "टांगा, बिन घोड्याचा, वरच्या बाजूने." आणि माझी सही घेतली. माझी नऊ वर्षांची अब्रू त्या वहीत गेली.

या सगळ्यात जानेवारी उजाडला. नंदुरबारच्या माणसाला जानेवारी म्हणजे काय ते सांगायला नको. गाड्याच्या गाड्या भरून लाल मिरची येते, आणि गावात जिथे म्हणून ऊन पडतं तिथे मिरची पडते. आमच्या घराच्या अंगणात ऊनच पडत नाही, शेजारच्या दिवलीबाईंनी भिंत उंच केली तेव्हापासून. आमची मंडळी, कमलबाई, माहेरच्या तळोद्याच्या. माझ्याशी एरवी पुस्तकी मराठीत बोलतात. रागावल्या की माहेरची भाषा येते, त्यावरून मला किती सावध व्हायचं ते कळतं.

एक दिवस त्या म्हणाल्या, "अहो, वर्षाची मिरची घेतली आहे. अंगणात ठेवली तर बुरशी येईल. तुमच्या त्या मैदानाच्या कोपऱ्यात एक चादर टाकू का?"

"छे! ते विमानासाठी आहे."

"विमान कुठे आहे?"

"येईल."

"येई तधय उचली लिसू!" भाषा बदलली होती. मी मुकाट्याने मान हलवली. एक चादर. फक्त एक चादर. पुढचं सगळं रामायण त्या एका चादरीतून झालं.

दुसऱ्या दिवशी दिवलीबाई दारात. "मास्तर भाऊ, मैदान काय तुमनं एकलानं शे का? मी बी एक चादर टाकी लेस." नाही कसं म्हणणार? तिसऱ्या दिवशी त्यांची जाऊ आली. चौथ्या दिवशी पूर्ण गल्ली. दोष त्यांचा तरी काय? आयुष्यभर ज्यांनी खडे वेचून, शेण सारवून वीतभर जागा केली, त्यांना एकदम शंभर पावलांचं आरशासारखं अंगण दिसलं, तेही बंदोबस्तासह! बंदोबस्त म्हणजे मी. शाळा सुटली की मी छत्री उघडून तिथे बसायचो आणि शेळ्या हाकायचो. इंग्रजी व्याकरण शिकवणारा माणूस शेळ्यांना "हाड्, हाड्" करतो आहे, हे पोरं खिडकीतून बघायची.

तरी मी ठरवलं होतं, सगळं बंद करायचं. पाटलांना जाऊन सांगायचं. त्याच सकाळी चार बैलगाड्या भरून मिरची आली. पुढच्या गाडीत पाटलांच्या मातोश्री, दगूबाई. वय पंचाऐंशी, कंबर वाकलेली, आवाज ताठ. उतरल्या, मुरुमावर अनवाणी पाय घासून पाहिला आणि म्हणाल्या, "वा! पितांबरनी जन्ममा पहिलांदा कामनं काही करं." आणि गाड्या रिकाम्या झाल्या. आता अध्यक्षांच्या आईची मिरची उचला म्हणायला मी काय वेडा होतो?

चौकोन काठोकाठ लाल झाला. चुन्याचं वर्तुळ खाली गडप. राहिल्या फक्त दोन पायवाटा. बाजाराकडून स्टेशनला जाणारी माणसं वळसा घालायला तयार नव्हती, ती या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरपी जायची. आणि शाळेकडून विहिरीवर जाणाऱ्या बायका दुसऱ्या दोन कोपऱ्यांतून तिरप्या. तिथे तेवढा पिवळा मुरूम उघडा. मी मनाशी म्हटलं, घाबरायचं कारण नाही. कंपनी एक दिवस आधी तार करणार आहे. तार आली की दवंडी पिटायची, संध्याकाळपर्यंत मैदान मोकळं. तरी दिवसातून चार वेळा मी तारघरात डोकावायचो, आणि रात्री स्वप्नात मिरच्या मोजायचो.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी नऊला पाटलांचा माणूस धावत आला. गेलो. पाटील ओट्यावर बसले होते. कोरं धोतर, गळ्यात तीन ताईत, तोंड पांढरंफटक. त्यांनी उशीखालून एक घडी केलेला कागद काढला. तार! मी वाचली. अंगाला घाम फुटला.

"पाटील, ही तर कालची आहे! विमान आज दहाला येतंय. आज!"

"हां," पाटील दुसरीकडे बघत म्हणाले. "काल सांजले ऊनी. मन्हा ध्यानमा ऱ्हायनं नही."

तार ध्यानात राहत नाही? गावात तार येते ती कोणी मेलं तरच, आणि हे म्हणतात ध्यानात राहिलं नाही! पण विचार करायला वेळ कुठे होता? मी धोतराचा सोगा तोंडात धरून मैदानाकडे पळालो.

"उचला! मिरच्या उचला! विमान येतंय!"

पंधरा-वीस बाया कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या. दिवलीबाई पुढे. "अर्धी वाळेल मिरची उचली ते काय व्हई, माहीत शे का? सडी जाई! तुम्ही भरून देशात का?" कमलबाईंकडे मी आशेने पाहिलं. त्या दिवलीबाईंच्या शेजारी उभ्या होत्या. नवऱ्याची नऊ वर्षांची नोकरी एका पारड्यात आणि वर्षाची मिरची दुसऱ्यात, आणि पारडं कुठे झुकलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. खरं सांगतो, त्या वेळी मला रडू आलं. ते बघून कमलबाईंचा चेहरा उतरला, आणि त्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अहो, असं काय करता? काहीतरी निघेल तोड."

तोड शौकतमियांनी काढली. "मास्तरसाब, विमान को दो चाक. दो चाक को कितना रस्ता लगता है? गाडीवाट जितना. ये दो रस्ते हैं ना? इनको चौडा करो, सीधा करो. जिधर से हवा, उधर से उतरेगा."

देवदूत वाटले ते मला. लगेच सुतळी आणली. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ताणली. बाया, पोरं, मास्तर, सगळे कामाला लागले. मिरच्या दोन्ही बाजूंना सारल्या, वाटा गाडीवाटेच्या दुप्पट रुंद केल्या, खराट्याने झाडल्या, वर दोन घागरी पाणी शिंपडलं. अर्ध्या तासात असं काम झालं की मी स्वतः थक्क झालो. लालभडक चौकोन, आणि त्यात कोपऱ्यातून कोपऱ्यात गेलेले, सुतासारखे सरळ, पिवळेधमक दोन पट्टे. भूमितीच्या पुस्तकात छापावी अशी आकृती. मी कपाळावरचा घाम पुसून म्हटलं, "आता हरकत नाही."

दहा वाजून गेले. सगळं गाव जमलं होतं. बँड होता. पाटील खुर्चीवर, गळ्यात झेंडूचा हार, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. दगूबाई शेजारी पाटावर. साडेदहा झाले. पावणेअकराला सुरतेच्या बाजूने घुंईं आवाज आला.

"ऊनं! ऊनं!" आलं, आलं म्हणत सगळं गाव उठलं.

पिवळं, टुमदार, चित्रातल्यासारखं विमान! मी टोपी काढून हवेत हलवली. नऊ वर्षं, नऊ वर्षं असं मनात म्हणत मी चक्क उड्या मारत होतो. विमान मैदानावर आलं, एक चक्कर मारली. दुसरी चक्कर मारली. मग एकदम खाली आलं, इतकं खाली की वैमानिकाचा चष्मा दिसला. त्याने डोकं बाहेर काढून आमच्या चौकोनाकडे नीट पाहिलं. मग हात आडवा हलवला, दोनदा, जसा आपण दारावर आलेल्या विक्रेत्याला हलवतो. आणि विमान वर उठलं ते सुरतेच्या दिशेने गेलं. गेलंच.

पण जाताना त्याने जो वारा सोडला! मिरच्या उडाल्या. गेल्या महिन्याची वाळून कडकडीत झालेली सगळी मिरची, तिचं बी आणि तिची भुकटी, एकदम हवेत गेली आणि खाली आली ती आमच्यावर. आधी बँडवाले शिंकले. मग शिक्षक. मग बैल. गावात दोन हजार माणसं एकाच वेळी शिंकताना मी त्याआधी ऐकली नव्हती. वहाबभाई डोळे चोळत, वही छातीशी धरून ओरडत होते, "आया के नहीं आया? क्या लिखूँ?" त्या धुरळ्यात मला पाटील दिसले. त्यांच्या गालांवरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. मी मान खाली घातली आणि घराकडे निघालो.

घरी आल्यावर डोळे धुतले आणि ते चोपडं काढलं. अकरावं कलम. सोबत रंगीत चित्र. लाल चौकोन, त्यात पिवळे दोन तिरपे पट्टे. खाली लिहिलं होतं, ही खूण दिसेल तिथे विमान उतरवण्यास सक्त मनाई आहे, आणि हा नियम जगातल्या सर्व देशांना लागू आहे. मी चोपडं मिटलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झालो. कमलबाईंनी चहा आणून ठेवला. तो चहा तसाच गार झाला.

मंगळवारी कंपनीचं पत्र आलं आणि पाठोपाठ बोलावणं. ओट्यावर पाटील आणि दगूबाई, बाकी कुणी नाही. मी पत्र उघडलं. वाटेत मी ठरवून आलो होतो की थापा मारायच्या: वारा उलटा होता, इंजिनात बिघाड होता. इंग्रजी मला एकट्याला येत होतं, कोण तपासणार? पण दगूबाई माझ्या तोंडाकडे असं टक लावून बघत होत्या की थाप घशातच अडकली. मी शब्दन्‌शब्द वाचला. कंपनीने लिहिलं होतं: आमचा वैमानिक वेळेवर पोचला. आपण मनाईची खूण अत्यंत बिनचूक काढली होती. एवढ्या मोठ्या आकाराची आणि इतक्या स्वच्छ रेषांची खूण त्याने आजवर कुठेही पाहिली नव्हती. आपल्या इच्छेचा मान राखून तो परतला. विमान आपल्या मालकीचं असून आमच्या मुंबईच्या छपरीत सुरक्षित आहे. खूण काढून टाकल्याचं कळवल्याशिवाय आम्ही ते पाठवणार नाही.

मग मी सगळं सांगितलं. सोडलेलं कलम, कमलबाईंची चादर, सुतळी, सगळं. शेवटी म्हटलं, "चूक माझी आहे. तुमचं हसं झालं. जूनची वाट बघायची गरज नाही, मी आजच राजीनामा लिहून देतो."

पाटलांनी ते पत्र माझ्या हातातून घेऊन उलटंसुलटं पाहिलं. मग पुढे सरकले. "मास्तर, जोपर्यंत ते लाल-पिवयं देखाय, तोपर्यंत ते इमान आठे उतरी सकस नही?"

"नाही."

"कंपनीनी ठरावं तरी?"

"तरी नाही. कायदा आहे."

"साहेबनं इमान ऱ्हायनं तरी?"

"लाटसाहेबांचं असलं तरी उतरणार नाही, पाटील."

पाटलांनी एक लांब श्वास सोडला. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले. त्यांनी गळ्यातले तिन्ही ताईत काढले आणि आईपुढे ठेवले. दगूबाईंचं बोळकं हसू लागलं. "मास्तर, तुमले काय सांगू! हाऊ आठ वरीसना व्हता, निंबवर चढना. उतरता येये ना. सारं गाव जमनं, खाटले दोर बांधीसन उतारा. तवयपाईन माडीवर बी जात नही. आनि ह्यानी इमान मागाडं!"

"चारशे लोकस्मा बोली गयतू ना माय," पाटील खाली बघून म्हणाले. "शब्द कसा फिरावसू?"

ते अश्रू, ते गज, ती उशीखालची तार, सगळं माझ्या डोक्यात एकेक करून जागेवर बसायला लागलं. मी झुरत होतो विमान यावं म्हणून, आणि समोरचा माणूस त्याहून जास्त झुरत होता, येऊ नये म्हणून!

"कागद आना," पाटील म्हणाले. "बोलनू व्हतू, इमान येई त्या दिनले मास्तर कायम. ऊनं ना? सारा गावनी देखं. उतरनं नही, तो कायदाना दोष." आणि त्यांनी सही केली. त्या दिवशी त्यांचा हात अजिबात दुखला नाही. मी कागद घेतला, पाया पडायला वाकलो, आणि पाटील माझ्या कानाशी म्हणाले, "पन मास्तर, मिरच्या दरसाल टाकाना. वाटा तुम्हीच आखाना."

त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली. पाटलांचं विमान मुंबईत आहे. सुरतेचे व्याही आले की पाटील मोठ्या आवाजात सांगतात, "इमान शे ना, तयार शे. पन काय करो, मिरच्यास्ना हंगाम!" व्याही मान डोलवतात. त्यांच्याकडे अजून मोटारच आहे. लढाईच्या दिवसांत आकाशात विमानं वाढली, तेव्हा मिरच्या नसताना उन्हाळ्यातसुद्धा मैदान उघडं राहू नये म्हणून पाटलांनी गेरू आणि पिवळी माती पोत्यांनी आणून ठेवली होती.

मी कायम शिक्षक आहे. शाळेत इंग्रजी शिकवतो, आणि शाळा सुटली की सुतळी आणि खराटा घेऊन मैदानावर जातो. परवा दुपारी असाच छत्री घेऊन बसलो होतो. खूप उंचावरून कुणाचं तरी विमान चाललं होतं, नुसता ठिपका. एवढ्यात घराच्या ओट्याकडून पितांबर पाटील धोतर सावरत, चपला न घालता, धापा टाकत पळत आले.

"मास्तर! पिवयं साफ शे ना?"

मी उठून उभा राहिलो, दोन्ही वाटा नीट पाहिल्या आणि सांगितलं, "साफ आहे पाटील. तुम्ही जा, स्वस्थ झोपा."

विमान निघून गेल्याचं दिसेपर्यंत आम्ही दोघं मिरच्यांच्या कडेला हात धरून उभे होतो.